संगणकशास्त्राचा शोधनिबंध कोणत्या परिषदेत वाचावा?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गौरव समारंभाच्या प्रसंगी दिलेले व्याख्यान)



विद्यार्थी-गौरवाच्या प्रसंगी वक्त्याने चारित्र्य, चिकाटी आणि मातृपितृभक्ती ह्या विषयांवर चार शब्द बोलावेत असा आपला प्रघात आहे. तो मोडण्याची परवानगी मी चिटणीसांकडून आधीच मागून घेतली आहे. कारण असे की, आपल्या शिक्षण साहाय्य निधीकडे अलीकडे जे अर्ज येतात, त्यांत पाठ्यपुस्तके आणि वसतिगृहाचे शुल्क ह्यांच्या जोडीला एक नवीनच बाब दिसू लागली आहे : 'आंतरराष्ट्रीय परिषदेत शोधनिबंध वाचण्यासाठी साहाय्य'. अर्जदार बहुधा संगणकशास्त्राचे विद्यार्थी असतात. निधी-समितीत वकील आहेत, व्यापारी आहेत, निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांनी मला विचारले, की ह्या परिषदांपैकी खरी कोणती आणि नुसत्या नावाची कोणती, हे आम्ही कसे ओळखावे? प्रश्न रास्त आहे. निधीतील पैसा आपल्यापैकी अनेकांनी घरच्या मंगलकार्याच्या निमित्ताने किंवा वडीलधाऱ्यांच्या स्मरणार्थ हजार-पाचशे करून दिलेला आहे. तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर समितीच्या खोलीत न देता सर्वांसमक्ष द्यावे, असे मला वाटले.

प्रथम एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. रसायनशास्त्र, वैद्यक किंवा इतिहास ह्या विषयांत परिषद ही मुख्यतः भेटीगाठींची आणि चर्चेची जागा असते. तेथे वाचलेल्या निबंधाचा एखादा परिच्छेदभर सारांश छापला जातो, आणि संशोधनाचे खरे प्रकाशन पुढे नियतकालिकात होते. म्हणून ह्या विषयांतील प्राध्यापक मंडळी संगणकशास्त्राच्या मुलाला सांगतात, की परिषदेचे काही खरे नाही, नियतकालिकात छाप. हा सल्ला सद्हेतूचा असला तरी ह्या शास्त्राला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. संगणकशास्त्रातील चांगल्या परिषदेकडे दहा-बारा पानांचा संपूर्ण निबंध पाठवावा लागतो. त्या विषयातील तीन-चार जाणकार तो तपासतात, लेखी अभिप्राय देतात, समिती विचारविनिमय करते, आणि बहुसंख्य निबंध परत पाठविले जातात. जे स्वीकारले जातात ते परिषदेच्या संग्रहात सर्व प्रमाणांसह छापले जातात आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांचाच आधार दिला जातो. १९९९ साली अमेरिकेतील संगणक-संशोधकांच्या संघटनेला विद्यापीठांसाठी मुद्दाम एक निवेदन काढावे लागले, की आमच्या विषयातील अध्यापकांच्या बढतीचा विचार करताना परिषदेतील निबंधांना कमी लेखू नका. ज्या शास्त्रात वर्ष-दोन वर्षांत साधनेच बदलतात, तेथे नियतकालिकाच्या संथ चालीची वाट पाहत बसणे परवडत नाही, हे त्याचे मुख्य कारण.

ह्याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याला परके नाही. नरेंद्र करमरकर ह्यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ १९७८ साली मुंबईच्या आय.आय.टी.तून पदवीधर झाले आणि पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत काम करू लागले. त्यांनी हाती घेतलेला प्रश्न व्यवहारातला आहे. कारखान्यात अमुक इतका कच्चा माल आहे, अमुक इतकी यंत्रे आहेत, अमुक इतके मनुष्यबळ आहे. ह्या मर्यादांत कोणता माल किती काढला असता नफा सर्वाधिक होईल? मर्यादा दोन-तीन असतील तर आपले व्यापारी बंधू हे गणित तोंडी करतील; त्या हजारो झाल्या म्हणजे शास्त्राला शरण जावे लागते. १९४७ साली जॉर्ज डँटझिग ह्यांनी ह्यासाठी एक रीत शोधली. ती व्यवहारात उत्तम चाले, परंतु काही मुद्दाम रचलेल्या उदाहरणांत ती अतोनात वेळ घेते असे पुढे सिद्ध झाले. १९७९ साली सोव्हिएत गणिती खाचियान ह्यांनी दुसरी रीत दाखविली. ती तत्त्वतः निर्दोष, पण प्रत्यक्षात मंद. करमरकरांनी तत्त्वात निर्दोष आणि व्यवहारातही चपळ अशी तिसरी रीत शोधली. ती जगापुढे कोठे आली? १९८४ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या 'स्टॉक' ह्या परिषदेत. त्याच वर्षी तिचे सविस्तर स्वरूप 'कॉम्बिनेटोरिका' ह्या हंगेरीतून निघणाऱ्या गणिताच्या नियतकालिकात आले, आणि वर्ष संपण्यापूर्वी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पृष्ठावर तिची बातमी झळकली.

वर्तमानपत्रातील बातमी हा आनुषंगिक भाग झाला. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते 'स्टॉक' ह्या परिषदेची निवड. १९६९ पासून भरत असलेली ही परिषद, कोणता प्रश्न किती वेळात सुटू शकतो, ह्या एकाच चिंतनाला वाहिलेली आहे. १९७१ साली ओहायोतील शेकर हाइट्स येथे तिच्यातच स्टीफन कुक ह्यांनी आठ पानांचा एक निबंध वाचला होता. त्या आठ पानांतून निर्माण झालेला प्रश्न आजही अनुत्तरित असून त्याच्या उत्तरासाठी २००० साली दहा लक्ष डॉलरांचे पारितोषिक जाहीर झाले आहे. म्हणजे करमरकरांचे श्रोते असे होते, की ज्यांनी त्याच प्रश्नावर वर्षानुवर्षे डोके शिणविले होते. चूक असती तर ती त्यांनी तेथल्या तेथे दाखविली असती, आणि काम खरे असेल तर ते आपापल्या विद्यापीठात घेऊन जाऊन पुढे वाढविले असते. दूरध्वनी-यंत्रणेच्या एखाद्या परिषदेत हाच निबंध वाचला असता तर टाळ्या कदाचित अधिक पडल्या असत्या, पण त्या टाळ्यांचे मोल काय?

विद्यार्थी मित्रांनो, परिषद निवडण्याची माझी कसोटी ह्यातूनच निघते. आपले काम कोणाच्या नजरेखालून जावे, हे आधी ठरवा. मग ती माणसे कोठे जमतात ते शोधा. हे शोधणे वाटते तितके अवघड नाही. तुमच्या निबंधाच्या शेवटी आधारग्रंथांची यादी असते. ती समोर घ्या आणि प्रत्येक निबंध मूळ कोठे वाचला गेला ते पेन्सिलीने समासात लिहा. वीसपैकी दहा-बारा निबंध एकाच परिषदेतले निघाले, तर तुमचे घर तेच. यादीत एकाही परिषदेचे नाव दुसऱ्यांदा येत नसेल, तर परिषद शोधणे थांबवा आणि आपण नेमक्या कोणत्या प्रश्नावर काम करीत आहोत ह्याचा पुन्हा विचार करा. एखादी परिषद मनात भरली म्हणजे तिच्या गेल्या दोन वर्षांतील तीन निबंध नीट वाचून काढा. आपला निबंध त्यांच्या पंगतीला बसेल का, हे कोणी सांगण्याची मग गरज राहत नाही. जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात १९९३ साली सुरू झालेली 'डीबीएलपी' नावाची सूची ह्या कामी फार उपयोगी आहे. कोणी, कोठे, कोणत्या वर्षी काय वाचले, हे तीत विनामूल्य पाहावयास मिळते.

परिषदांच्या प्रतवाऱ्याही प्रसिद्ध आहेत. ऑस्ट्रेलेशियातील संगणक-विभागांच्या संघटनेने सुरू केलेल्या यादीत परिषदांना तारांकित अ, अ, ब, क अशा श्रेणी दिलेल्या असतात. ही यादी जवळ ठेवावी. परंतु आगगाडीच्या वेळापत्रकाचा उपयोग कोणत्या गावास जावयाचे ते ठरल्यावर होतो. यंत्रशिक्षणाच्या उत्कृष्ट परिषदेत माहितीसंचयाचा मध्यम निबंध पाठविणाऱ्यास तारांकित अ श्रेणी काय करणार?

ह्या शास्त्राच्या शाखा तरी किती भिन्न स्वभावाच्या! सैद्धान्तिक शाखेत सिद्धता हवी, प्रयोग नसले तरी चालतात, आणि लेखकांची नावे बहुधा वर्णानुक्रमे येतात. तेव्हा तुमच्या मुलाचे नाव शेवटी आले म्हणून खट्टू होऊ नका, आडनाव 'व'ने सुरू होत असेल. यंत्रणा-शाखेत उलट प्रकार : प्रत्यक्ष बांधून, चालवून, मोजून दाखविल्याशिवाय कोणी ऐकून घेत नाही. माहितीसंचयाच्या शाखेची 'व्हीएलडीबी' ही परिषद १९७५ पासून भरते. १९९६ साली ती आपल्या मुंबईत भरली होती. तिने २००८ पासून एक मधला मार्ग काढला आहे. तिचे स्वतःचे नियतकालिक आहे; त्याकडे दर महिन्याला निबंध पाठविता येतो, परीक्षकांच्या सूचनेप्रमाणे सुधारून पुन्हा देता येतो, आणि स्वीकारला गेला म्हणजे तो वार्षिक परिषदेत वाचावयाचा. वर्षातून एकच दार उघडते आणि तेही धाडकन मिटते, ही अन्य परिषदांबद्दलची तक्रार ह्या व्यवस्थेत पुष्कळ कमी होते. आपल्या देशातील परिषदांविषयीही एक शब्द. सैद्धान्तिक संगणकशास्त्राची 'एफएसटीटीसीएस' ही परिषद १९८१ पासून भारतात दरवर्षी भरत आली आहे, तिला परदेशांतूनही निबंध येतात, आणि २००८ पासूनचे तिचे सर्व निबंध कोणासही विनामूल्य वाचता येतात. परदेश म्हणजेच प्रतिष्ठा ही समजूत आपण जितक्या लवकर सोडू तितके बरे. डिसेंबरात एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर असलेली अशी परिषद, तीत निबंध नसला तरी, होतकरू विद्यार्थ्याने श्रोता म्हणून अवश्य गाठावी.

आता नाण्याची दुसरी बाजू. आपल्याच ज्ञातीतील एका कुटुंबाची हकीकत त्यांच्या संमतीने, नाव न सांगता, सांगतो. मुलगी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षास होती. तिने आपल्या प्रकल्पावर आठ पाने लिहून एका 'जागतिक' परिषदेकडे पाठविली. तिसऱ्या दिवशी स्वीकृतीचे पत्र आले. त्यात परीक्षकांचा एकही अभिप्राय नव्हता, होती ती केवळ स्तुती आणि नऊ हजार रुपये भरण्याची मुदत. वडिलांनी पैसे भरले. परिषद एका हॉटेलच्या दालनात भरली. व्यासपीठावर संगणक, व्यवस्थापन, औषधनिर्माण आणि कृषी अशा सर्व विषयांचे निबंध लागोपाठ वाचले जात होते. प्रत्येकास सहा मिनिटे मिळाली, प्रश्न कोणी विचारला नाही, आणि वाचणारे उठून गेल्यावर पुढील निबंधास श्रोते म्हणून त्याचे नातेवाईकच उरले. प्रमाणपत्र मात्र चकचकीत मिळाले. घरी येताना मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, माझ्या निबंधात तिसऱ्या कोष्टकात एक आकडा चुकला आहे, तो मला गाडीत दिसला, तिथे कोणालाच कसा दिसला नाही?" मला ह्या मुलीचे कौतुक वाटते. नऊ हजार रुपये गेले ह्यापेक्षा, आपले काम कोणी वाचलेच नाही, हे तिला अधिक लागले.

असल्या परिषदा का उगवल्या, ह्याचे एक कारण उघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीत पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध नियतकालिकात प्रसिद्ध करणे आणि दोन निबंध परिषदांत वाचणे आवश्यक होते. हेतू चांगला, पण जेथे मोजणी आली तेथे मोजणीपुरता माल पुरविणारेही आले. २०२२ च्या नियमावलीने ही सक्ती काढून टाकली. बाजार मात्र उठला नाही. जाहिरातीत अमुक प्रसिद्ध सूचीत समावेश, तमुक प्रकाशनसंस्थेशी करार, असे लिहिलेले असते. त्यानेही भुलू नये. २००५ साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निरर्थक वाक्ये जुळवून घेऊन एक निबंध तयार केला, आणि फ्लोरिडातील एका परिषदेने तो स्वीकारलाही. ही थट्टा झाली म्हणावे, तर २०१४ साली असे आढळून आले, की त्याच युक्तीने तयार केलेले शंभराहून अधिक निबंध नामांकित प्रकाशकांच्या परिषद-संग्रहांत छापले गेले होते. ते मागे घ्यावे लागले. तेव्हा मुखपृष्ठावरील नाव पाहून निर्धास्त होता येत नाही. आत कोण बसून वाचतो, ते पाहिले पाहिजे. समितीतील दोन-तीन नावे घेऊन त्यांच्या विद्यापीठांच्या पृष्ठांवर त्या परिषदेचा उल्लेख आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळसे कळते.

ह्याच्या उलट, ज्या परिषदेत नकार मिळू शकतो तीच जाण्याजोगी, असे मी म्हणतो तेव्हा पालकांच्या कपाळावर आठी उमटते हे मला ठाऊक आहे. नकार म्हणजे नापास, असा आपला शालेय हिशेब. वस्तुस्थिती पाहा. यंत्रशिक्षणाच्या 'न्यूरिप्स' ह्या परिषदेकडे २०२३ साली १२,३४३ निबंध आले, त्यांतील शेकडा २६ स्वीकारले गेले. म्हणजे दर चारांतील सुमारे तिघांना नकार, आणि त्या तिघांत जगातील उत्तमोत्तम प्रयोगशाळांतील माणसे असतात. ह्याच परिषदेने २०१४ साली स्वतःचीच एक परीक्षा घेतली. १६६ निबंध दोन स्वतंत्र समित्यांकडे, एकीला दुसरीचा निर्णय न कळविता, तपासावयास दिले. सुमारे एक चतुर्थांश निबंधांविषयी दोहोंचा निर्णय भिन्न पडला. एका समितीने स्वीकारलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक दुसरीने नाकारले होते! ज्या संस्थेने हे आकडे स्वतःहून प्रसिद्ध केले तिच्याविषयी माझा आदर वाढला. उत्तम आणि अगदीच कच्चे ह्यांच्यात परीक्षकांची सहसा गल्लत होत नाही. मधल्या मोठ्या राशीत मात्र दैवाचा भाग असतो. म्हणून नकाराचे पत्र आले की दोन दिवस ते मिटून ठेवावे, तिसऱ्या दिवशी उघडून अभिप्राय वाचावेत, आणि त्यांतील खरे ते सुधारून पुढील योग्य परिषदेकडे निबंध पाठवावा.

आज ज्या विश्वजालावर घरोघर तिकिटे काढली जातात, त्याच्याविषयीचा टिम बर्नर्स-ली ह्यांचा निबंध १९९१ साली सॅन अँटोनिओच्या 'हायपरटेक्स्ट' परिषदेने स्वीकारला नव्हता. त्यांना केवळ प्रात्यक्षिक दाखविण्याची मुभा मिळाली. १९९४ साली जिनिव्हा येथे त्या विश्वजालाचीच पहिली स्वतंत्र परिषद भरली, आणि १९९८ साली ब्रिस्बेनच्या सातव्या परिषदेत ब्रिन आणि पेज ह्या दोन विद्यार्थ्यांनी आपल्या शोधयंत्रावरील निबंध वाचला. त्या यंत्राचे नाव गूगल. जेथे नकार मिळतो तेथील परीक्षक मूर्ख असतात असे मला ह्यावरून सुचवावयाचे नाही. त्या कामाचे खरे श्रोते त्या वर्षी अद्याप एकत्र जमले नव्हते, इतकेच.

काही व्यावहारिक गोष्टी थोडक्यात सांगतो. एकच निबंध एकाच वेळी दोन परिषदांकडे पाठविणे हा ह्या शास्त्रात गंभीर अपराध समजला जातो; स्थळे दोन ठिकाणी पाहावीत, निबंध पाहू नये. अनेक परिषदांत निबंधावर लेखकाचे नाव लिहावयाचे नसते. ते मान्यवरांच्या दबावापासून नवख्याचे रक्षण करण्यासाठी असते, म्हणून आभारात मार्गदर्शकांचे नाव घालून ते रक्षण वाया घालवू नये. अंतिम मुदत पुष्कळदा 'पृथ्वीवर कोठेही' अशा पद्धतीने दिलेली असते. अमुक तारखेची मध्यरात्र पृथ्वीवरील सर्वांत मागे असलेल्या घड्याळाने मोजावयाची. आपल्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवसाची सायंकाळचे साडेपाच वाजत आलेले असतात. त्या रात्री मुलगा जागा दिसला तर आईवडिलांनी रागावू नये, आणि त्या आठवड्यात त्याला लग्नाच्या याद्या लिहावयास बसवू नये, ही विनंती.

स्थळाचाही विचार करावा लागतो. निबंध स्वीकारला गेला आणि प्रवेश-परवाना नाकारला गेला, असे दुःखद प्रसंग घडतात. २०१८ साली कॅनडात भरलेल्या न्यूरिप्सला जाऊ इच्छिणाऱ्या अनेक आफ्रिकी संशोधकांना व्हिसा मिळाला नाही. 'आयसीएलआर' ही परिषद २०२० साली इथिओपियात भरवावयाचे ठरले होते. महामारीमुळे ती दूरस्थ पद्धतीने घ्यावी लागली, आणि अखेर २०२३ साली ती र्‌वांडाची राजधानी किगाली येथे भरली. तेव्हा निबंध पाठविण्यापूर्वीच पाहून ठेवावे : परिषद कोठे आहे, प्रत्यक्ष उपस्थिती सक्तीची आहे काय, विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत किंवा प्रवासखर्च मिळतो काय. मोठ्या परिषदांपैकी पुष्कळ जणी असे साहाय्य देतात. मात्र त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तो आपली मुले संकोचाने करीत नाहीत.

आता निधी-समितीसाठी माझ्या सूचना. आपल्या अर्जात 'परिषदेचे प्रमाणपत्र जोडावे' असा रकाना आहे. तो काढून टाकावा. त्याऐवजी विद्यार्थ्याने परीक्षकांचे लेखी अभिप्राय जोडावेत, मग ते कितीही कडक असोत. त्या परिषदेतील गेल्या दोन वर्षांचे कोणते तीन निबंध वाचले आणि त्यांच्याशी आपल्या कामाचा संबंध काय, हे त्याने मराठीत एका पानात लिहावे. समितीतील वकिलांना ते समजले पाहिजे. अभिप्रायच मिळाले नसतील तर साहाय्य देऊ नये. आणि चांगल्या परिषदेने नाकारलेल्या, पण अभिप्रायांसह परत आलेल्या निबंधाच्या विद्यार्थ्यास, तो जवळपासच्या परिषदेला श्रोता म्हणून जाऊ इच्छीत असेल तर, प्रवासखर्च द्यावा. ही शेवटची सूचना कार्यकारी मंडळात वादग्रस्त ठरेल ह्याची मला कल्पना आहे. पुढील सर्वसाधारण सभेत तिच्यावर खुशाल मतदान घ्यावे.

राहिला खर्चाचा मोठा भाग, म्हणजे निवासाचा. गावाकडून मुंबई-पुण्यास शिकावयास येणाऱ्या मुलांसाठी ज्या काळी आपल्या वाडवडिलांनी पदरमोड करून वसतिगृह उभारले, त्या काळी त्यांच्यापाशी आपल्याइतका पैसा नव्हता. आज आपली कुटुंबे बंगळूर, हैदराबाद आणि दिल्लीस आहेत. सिंगापूर, लंडन आणि कॅलिफोर्नियात आहेत. ह्या परिषदा बहुधा अशाच शहरांत भरतात. ज्यांच्या घरी चार रात्री एका विद्यार्थ्याची सोय होऊ शकेल, अशांनी आपला पत्ता आणि सोयीचे महिने चिटणीसांकडे नोंदवावेत. नोंदवही बाहेर प्रवेशद्वाराशी ठेवलेली आहे, आणि परगावच्या सभासदांसाठी तिचे एक पान ह्या स्मरणिकेसोबत जोडण्याचे चिटणीसांनी मान्य केले आहे.